मागचा तवा

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. ग्वातेमालाच्या उंच डोंगरात पाल्वित्झ नावाचे गाव आहे, तिथे मी राहतो. तिथून तालुक्याला उतरताना वाटेत एक लाकडी क्रूस लागतो. मी तिथे थांबलो की माणसे खाली उतरतात आणि माझ्या चारही चाकांजवळ हात नेऊन पाहतात. नव्या माणसाला वाटते, हा काहीतरी नवस असावा. तो नवस नाही. त्यामागे एका सकाळची हकिगत आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी उत्तरेकडच्या मोठ्या देशात आलो. एका रोपवाटिकेच्या मालकाने मला घेतले. सतरा वर्षे मी त्याची रोपे, कुंड्या आणि खताची पोती वाहिली. दर शनिवारी तो मला धुवायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, की हा माझ्यापेक्षा वक्तशीर आहे. मग एका हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचले होते, मी घसरलो आणि खांबावर आदळलो. विम्याच्या एका माणसाने येऊन माझ्याभोवती एक फेरी मारली, काचेवर पिवळ्या खडूने फुली मारली आणि तो निघून गेला. मालकाने माझ्या दारावर दोनदा थाप मारली. तो मला पुन्हा दिसला नाही.

पुढचे तेरा दिवस मी दुसऱ्या एका गाडीच्या मागे लोखंडी दांड्याने बांधलेला होतो. असाच ओढत मला दोन सरहद्दी पार करून दक्षिणेला आणले. माझ्या पाठीवर दोन फ्रीज होते, गाद्यांची वळकटी होती आणि एका मुलीची सायकल होती. शेवटी एलिसेओ कोबो या मेकॅनिकच्या अंगणात मला सोडून दिले. तिथे मी चौदा महिने पडून होतो. त्याच्या तांबड्या कोंबडीने माझ्या सीटवर संसार थाटला होता.

मग निकोलासा ब्रितो आली. बेचाळीस वर्षांची ही बाई सहा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवत होती. तो मालक गाडी विकून शहरात गेला आणि पाल्वित्झला एकही गाडी उरली नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून, खुर्ची पाठीवर घेऊन अडीच तास चालायचे, तेव्हा कुठे मोठा रस्ता लागायचा. निकोलासाने माझा रंग पाहिला नाही, फुटलेले तोंडही पाहिले नाही. लाल परकर सावरत ती सरळ चिखलात आडवी झाली आणि किल्लीने माझा सांगाडा खरवडत पुढून मागे गेली.

"सांगाडा सरळ आहे," ती म्हणाली. "बाकीचं बघू."

"दोन्या, बाकीचं म्हणजे सगळंच की," एलिसेओ म्हणाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब.

पाच महिने तो माझ्यावर राबला. इंजिन उघडून त्याने नव्या रिंगा बसवल्या. रेडिएटर एका गाडीचा, डावे दार दुसऱ्या गाडीचे, बॉनेट तिसरीचे. सगळ्यावर एकच निळा रंग चढला तेव्हा मीसुद्धा स्वतःला एकसंध वाटू लागलो. पाठीवर सायप्रसच्या फळ्या आल्या. उभ्याने जाणाऱ्यांना धरायला लोखंडी पिंजरा आला. हातब्रेकची तार मात्र त्याला कुठे मिळाली नाही. थांबलो की चाकाला दगड लावायचा, असे ठरले. आमच्याकडे निम्म्या गाड्या दगडावरच उभ्या राहतात.

शेवटी राहिले स्प्रिंगचे पाटे, म्हणजे मागच्या आसावर भार पेलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. आमच्या डोंगरात ओझ्याने गाडीचे बूड खाली बसले की रस्त्यावरची पोरे ओरडतात, कोंबडी अंड्यावर बसली. त्यामुळे गाडी घेतली की पहिले काम म्हणजे मागे जादा पाटे टाकणे. निकोलासाने दोन सांगितले होते. एलिसेओने एका मोठ्या ट्रकचे तीन टाकले. मी शेपूट वर करून उभा राहिलो. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणायचा, व्वा.

मित्रांनो, चूक इथे झाली, आणि ती आळसाने झालेली नव्हती.

माझ्या पोटाखाली, मागच्या आसाजवळ, बोटाएवढा जाड एक लोखंडी दांडा आहे. तो माझे ओझे मोजतो. पाठ दबली की दांडा वर उचलला जातो आणि ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे तेलाचा जोर जास्त जातो. पाठ हलकी असली की दांडा खाली राहतो आणि मागे थोडाच जोर पोचतो. रिकाम्या गाडीची मागची चाके अडकून घसरू नयेत, म्हणून ही योजना. एलिसेओने आजवर ज्या जुन्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यांना असा दांडा नव्हता. त्याने माझा दांडा सोडवला, गंज घासला, तेल दिले, वर काळा रंग दिला आणि जागच्या जागी बसवला. जे जसं होतं तसंच लावलंय, असे त्याने निकोलासाला अभिमानाने सांगितले. ते खरे होते. दांडा होता तसाच होता. पण मी होतो तसा राहिलो नव्हतो. माझी पाठ वीतभर उंच झाली होती. आता चौदा माणसे आणि बटाट्याची पोती चढली तरी दांड्याला वाटायचे, गाडी रिकामीच आहे. सगळा भार अडवायचे काम पुढच्या दोन चाकांवर पडले.

पाच आठवड्यांत पुढच्या ब्रेकचे पॅड संपले. एलिसेओ म्हणाला, पॅड हलक्या प्रतीचे होते, आणि त्याने चांगले टाकले. निकोलासाच्या मामीला वाटले, गाडीने डोंगराची परवानगी घेतलेली नाही. शुभ दिवस पाहणाऱ्या म्हाताऱ्याने दिवस काढून दिला, चार चाकांपाशी चार मेणबत्त्या लागल्या, प्रत्येक चाकावर दारूचा घोट शिंपडला. तो मान मला आवडला. पण दांडा लोंबतच राहिला. उतारावर जळका वास येतो, असे निकोलासाने दोनदा सांगितले. नवे पॅड बसेपर्यंत वास येतोच, असे उत्तर तिला दोनदा मिळाले. गाडीला बोलता येत नाही. वास, आवाज आणि उष्णता एवढीच तिची भाषा. मी तिन्ही वापरून पाहिल्या.

फेब्रुवारीतला गुरुवार होता, बाजाराचा दिवस. सकाळी पावणेसातला माझ्यावर चौदा माणसे आणि बटाट्याची नऊ पोती होती. निकोलासा किल्ली फिरवणार, तोच सुईण पेत्रोनिला एका बाईला धरून येताना दिसली. ती निकोलासाची धाकटी बहीण एन्ग्रासिया होती. आदल्या दुपारपासून कळा चालू होत्या आणि बाळ आडवे होते. पेत्रोनिला हलक्या आवाजात म्हणाली, की हे माझ्या हातचे राहिलेले नाही, दुपारच्या आत दवाखाना गाठायला हवा. दोघींना पुढे बसवले. निकोलासाने एकदा बहिणीच्या तोंडाकडे पाहिले आणि गाडी काढली.

खिंडीपर्यंत चढ आहे. तिथून खाली अकरा किलोमीटर उतार आणि सत्तावीस वळणे. त्या सकाळी धुके होते, खडी ओली होती. एरवी निकोलासा सावकाश दुसऱ्या गिअरमध्ये उतरते. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला एन्ग्रासिया दात आवळत होती आणि निकोलासाचा डावा डोळा घड्याळावर होता. ती तिसऱ्या गिअरमध्ये उतरली आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत गेली. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये माझी पुढची चाके तापली. चौथ्यात वास आला. पाचव्यात ब्रेकचे तेल उकळू लागले आणि पायाखालचा पेडल मऊ झाला.

तिला ते लगेच कळले. तिने पेडल सोडून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा तो तळाला टेकला. पाठीवरची माणसे हसत होती. कुणाच्या तरी कोंबडीने कुणाच्या तरी टोपीत घाण केली होती. निकोलासाने दुसरा गिअर टाकला, मी आतून किंचाळलो, मग पहिला. डावीकडे दरी होती. उजवीकडे, दोन वळणांपुढे, क्रूसाची सपाट जागा होती. पहिले वळण मी काठावरची खडी उडवत घेतले. वरचे हसणे तुटले. दुसऱ्या वळणावर तिने मला उजवीकडच्या मातीच्या दरडीला घासत नेले. आरसा गेला, दार चेपले, आणि क्रूसापाशी, मातीत नाक खुपसून, मी थांबलो.

कोणीतरी धावत जाऊन दगड लावला. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. सेबास्त्यान नावाचा बटाटेवाला पाण्याचा कॅन घेऊन आला.

"पाणी नको," निकोलासा म्हणाली. "तापल्या तव्यावर पाणी टाकलं तर काय होतं?"

आमच्याकडे तवे मातीचे असतात; तापलेले असताना पाणी पडले की तडकतात. सेबास्त्यानने कॅन खाली ठेवला.

माणसे उतरून क्रूसाभोवती उभी राहिली. त्यांच्यात शहात्तर वर्षांची दोमिंगा होती. सगळे तिला नान दोमिंगा म्हणतात. वयाने थोर बाईला हाक मारायची आमच्याकडे तीच रीत. तिचे हात गारठले होते. ती पुढच्या चाकाजवळ हात शेकायला गेली, तर धग इतकी, की मागे सरली. मग मागचे चाक जरा सोसवेल म्हणून तिकडे गेली. हात जवळ नेला, आणखी जवळ नेला, शेवटी तळवाच टेकवला.

"निकोलासा," ती म्हणाली, "हा मागचा तवा तर तापलेलाच नाही ग."

दोघे-तिघे हसले. नान दोमिंगाला थंडीतही स्वयंपाकच सुचतो, असे कोणीतरी म्हणाले. निकोलासा हसली नाही. तिने स्वतः मागच्या चाकाला हात लावला. मग दुसऱ्याला. दोन्ही दगडासारखी गार होती. पाच किलोमीटर ही चाके नुसती फिरत आली होती.

ती माझ्याखाली शिरली. नळी शाबूत होती, तेल गळत नव्हते. तिची नजर काळ्या दांड्यावर थांबली. मी त्या क्षणाची दोन महिने वाट पाहत होतो.

"सगळे वर चढा," तिने खालून सांगितले.

"आत्ता उतरवलंस, आता चढवतेस," सेबास्त्यान म्हणाला. "काय ते एकदा ठरव, बाई."

पण तो चढला. चौदा माणसे चढली आणि दांडा बोटभर वर सरकला. त्याच्याही वर चार बोटांवर, काळ्या रंगाखाली, लोखंडात एक खाच होती. सतरा वर्षे खताची पोती वाहताना दांडा तिथे घासला होता. आता तो तिथपर्यंत पोचत नव्हता.

निकोलासाने त्या खाचेवरून बोट फिरवले. मग स्वतःशीच म्हणाली, "हा ओझं मोजतोय. आणि आम्ही ह्याची पाठच उचलून धरलीय."

तिने पाना मागितला, दांड्याचे खालचे टोक आसापासून सोडवले, दांडा वर उचलून त्या खाचेला लावला आणि तारेचे तीन वेढे देऊन तिथेच बांधला. बाहेर आली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. पेत्रोनिला माझ्या दारात उभी होती. तिने विचारले, किती वेळ.

"पुढच्या चाकाला हात टेकवता येईपर्यंत," निकोलासा म्हणाली.

ते थांबणे, मित्रांनो, उतरण्यापेक्षा अवघड होते. दर पाच मिनिटांनी ती चाकाजवळ हात न्यायची आणि मागे घ्यायची. आतून एन्ग्रासियाचे कण्हणे ऐकू येत होते. एकदा निकोलासाने किल्लीला हात घातलासुद्धा. तेव्हा एन्ग्रासियाने डोळे उघडले.

"ताई, लहानपणी तुला तव्यावरची पोळी उलटायची घाई असायची. दर वेळी फाटायची," ती म्हणाली. "चाक थंड होऊ दे. मी कुठं पळून जात नाहीये."

निकोलासाने किल्ली सोडली.

तीस मिनिटांनी हात टेकला. पेडल दाबला तेव्हा तो अर्ध्यावर अडला. पूर्वीइतका नाही, पण अडला. आता गाडी हलकी करू म्हणून सेबास्त्यान पोती उतरवू लागला. निकोलासाने त्याला थांबवले. दांडा भरल्या गाडीच्या जागी बांधलाय, ती म्हणाली, रिकामी नेली तर मागची चाके अडकतील आणि घसरू. माणसे उतरू देत, ओझे राहू दे.

"म्हणजे मी पायी आणि माझे बटाटे गाडीत," सेबास्त्यान म्हणाला. "बरं. त्यांनाही दवाखान्यात दाखल कर." आणि त्याने दगड काढला.

उरलेले सहा किलोमीटर आम्ही पहिल्या गिअरमध्ये उतरलो. पहिल्याच वळणावर तिने पाय टेकवला आणि दुरुस्त झाल्यापासून प्रथमच माझ्या मागच्या चाकांना ब्रेक घट्ट लागला. निकोलासाला ते पाठीतून जाणवले. ती एवढेच म्हणाली, "हं." पेडल पुन्हा मऊ झाला नाही. नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही दवाखान्याच्या फाटकात होतो. साडेदहाला शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. एन्ग्रासिया सहा दिवस तिथे होती आणि सातव्या दिवशी माझ्याच पुढच्या सीटवरून घरी आली.

एलिसेओने सगळे ऐकून घेतले आणि तो माझ्याखाली जाऊन पडला. खालून त्याचा आवाज आला.

"मी ह्या दांड्याला रंग दिला, दोन्या. तू कशासाठी आहेस, एवढं मात्र ह्याला विचारलं नाही."

त्याने दोन पाटे काढले, दांड्याची जागा उरलेल्या उंचीप्रमाणे वर घेतली, तेल बदलले आणि कुठून तरी हातब्रेकची तारही मिळवली. आता पूर्ण भरलो की माझे बूड थोडे खाली बसते. पोरे ओरडतात, कोंबडी अंड्यावर बसली. निकोलासा त्यांना हॉर्न वाजवून उत्तर देते.

पुढच्या गुरुवारी क्रूसापाशी थांबलो, तेव्हा नान दोमिंगा सगळ्यांत आधी उतरली. पुढच्या चाकांकडे तिने पाहिलेही नाही. मागच्या चाकाजवळ जाऊन तिने दोन्ही हात पसरले आणि तशीच उभी राहिली.

"तापला," ती म्हणाली, आणि हात शेकू लागली.

तेव्हापासून ही रीत पडली. मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे बळ द्या, रंग द्या. आम्हाला ते हवेच असते. पण आमच्या अंगावरचा एखादा लहानसा दांडा कशासाठी आहे हे कळत नसेल, तर तो पुसून परत लावण्याआधी थोडे थांबा. आणि उताराच्या मध्यावर, कितीही घाई असली तरी, खाली उतरून चारही चाकांजवळ हात न्या. आम्हाला सांगायचे असते ते तिथे असते.