मत्स्यबीज आणायला गेलेला गुंड

मी एक जुना गुंड आहे. मित्रांनो, दचकू नका. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. भंडाऱ्याच्या एका कारागिराच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. हजारो ठोके खाल्ले, तेव्हा कुठे माझे पोट गोल झाले. १९७१ साली गीताबाईच्या बापाने मला तिच्या लग्नात आंदण दिले आणि तिच्याबरोबर मी एकोडी गावाला आलो. तिचा नवरा श्यामलाल आणि सासरा बुधराम गावच्या तलावात मासे धरत. गीताबाई मला रोज चिंचेने घासायची. मी असा चमकायचो की शेजारची धुरपता माझ्यात बघून कुंकू लावायची. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा चांगलीच घमेंड होती.

बुधरामचा एक नेम होता. मरळ नावाचा मासा आपल्या पिल्लांना एकटे सोडत नाही. पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर खेळतो आणि आईबाप खाली राखण करतात. असा घोळका दिसला की बुधराम जाळे खांद्यावर टाकून माघारी फिरायचा. त्या दिवशी घरात नुसता वरणभात व्हायचा, पण कुरकुर कोणी करत नसे. गावातला मासे धरणारा एकही माणूस हा नेम मोडत नव्हता.

मासे धरायला परवाना लागायचा आणि त्याची फी दरवर्षी भरावी लागायची. हा पैसा पुढे कुठे जातो, हे कोणी कधी विचारले नव्हते. १९७८ च्या उन्हाळ्यात मत्स्यखात्याचे एक साहेब जीपमधून तलावावर आले. ऊन रणरणत होते, म्हणून गीताबाईने त्यांच्यासाठी मला भरून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणले. साहेब माझ्यातले दोन लोटे पाणी प्याले आणि तोंड पुसत म्हणाले, "तुमच्या परवान्याचा पैसा तुमच्याच तलावाचा. त्यातून यंदा तुम्हाला रोहू-कतल्याचे बीज देऊ. हजारो बारीक पिल्ले! पण मरळ ती खाऊन टाकते. आधी तलावातली सगळी मरळ काढा."

"सायेब, मरळीपाशी आता पिल्लं आहेत," बुधराम म्हणाला. "पिल्लंवालीवर आमी जाळं टाकत नाई."

"मग बीज विसरा."

श्यामलाल बापाजवळ गेला. "बा, एका मरळीच्या बदल्यात शंभर रोहू येतीन. एवढा मोठा सायेब खोटं कायले बोलंन?"

बुधराम घरी निघून गेला. तलावात गुडघाभरच पाणी उरले होते. श्यामलाल आणि त्याच्या सोबत्यांनी तीन दिवस जाळी ओढली आणि शोधून शोधून मरळ काढली. तिच्याबरोबर बाकीचे मासेही जाळ्यात आले. आईबाप गेल्यावर पिल्लांचा घोळका काठाशी तसाच फिरत राहिला. दोन दिवसांत बगळ्यांनी तो संपवला.

पावसाने तलाव भरला आणि बीज वाटण्याची तारीख कळली. मातीचे मडके एसटीच्या धक्क्यांनी फुटते, म्हणून गीताबाईने मला पुढे केले. साकोलीहून माझ्या आत नवी कल्हई लावून आणली. परक्या पाण्यात मासा बावरतो, म्हणून बाहेरून मासा आणायचा असेल तर आमच्याकडे आपल्या तलावाचे पाणी सोबत नेतात. तसे मला अर्धे भरले. धुरपताने मला हळदकुंकू लावले. श्यामलाल मला दोन्ही पायांत घट्ट धरून एसटीत बसला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस होता. निदान दुपारपर्यंत तरी होता.

मत्स्यखात्याच्या कार्यालयातल्या कारकुनाने यादीवरून बोट फिरवले. "एकोडीला वाटा नाही."

"काहून नाई? आमी परवाना भरला ना!"

"सगळ्या भागांचा पैसा वर एकत्र होतो, मग वाटला जातो. जिथे मासा जास्त, तिथे वाटा जास्त. महिन्यापूर्वी तुमच्या तलावाची पाहणी झाली. त्यात मासाच सापडला नाही."

"सायेबानंच त सांगतलं होतं, मरळ काढा म्हून!"

"त्या साहेबांची बदली झाली," कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्याला बोलावले.

आमच्या वाटचे बीज राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या धरणात गेले होते. श्यामलालने मला पुन्हा एसटीत चढवले. मी तेच पाणी पोटात घेऊन परत आलो. पाळीवर गीताबाई आणि धुरपता वाट पाहत होत्या. दोघींनी माझ्यात वाकून पाहिले. त्यांना आपलीच तोंडे दिसली. गीताबाईने मला उचलले आणि तलावाचे पाणी तलावात ओतून दिले.

"त्या सायेबानं आपल्याले फसवलं," बुधराम म्हणाला, "अन् आपन मरळीले फसवलं."

पुढच्या वर्षी परवान्याचा निरोप मात्र वेळेवर आला. फी भरली नाही तर तलाव दुसऱ्याला देऊ, असे त्यात होते. तीन वर्षे श्यामलालने रिकाम्या तलावाचा परवाना काढला, मग तो भाताच्या रोवणीच्या मजुरीला जाऊ लागला. बुधराम दर उन्हाळ्यात पाळीवर बसून तांबूस घोळका शोधायचा. घोळका काही त्याला दिसला नाही, आणि १९८३ साली तो वारला. मी काळा पडलो. घरात प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि मी कोपऱ्यात गेलो. कोणाचा राग करावा हेही मला कळेना, कारण त्या साहेबाला पाणी मीच पाजले होते.

१९८६ च्या उन्हाळ्यात पुन्हा एक जीप आली. साहेब नवे होते, शब्द जुनेच होते. परवाना काढा, बीज देऊ. बोलता बोलता त्यांनी पाणी मागितले. गीताबाई घरी गेली, मला कोपऱ्यातून उचलले आणि त्यांच्या पायांशी आणून ठेवले. साहेबांनी लोटा माझ्यात घातला. तो खण्णकन वाजला.

"रिकामाच आहे, सायेब," गीताबाई म्हणाली. "आठ वर्षं झाली. पयले यात बीज आना, मंग आमचं पानी पेजा."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

मित्रांनो, ज्याच्या घरचे पाणी प्यालात, त्याला दिलेला शब्द विसरू नका. आणि मला मोडीत घालू नका. माझ्या पोटाला पोचे आले आहेत, पण मी अजून गळत नाही. एकोडीचे बीज कधी आलेच, तर ते आणायला भांडे लागेल.