अमेरिका बंद करायची नाही

डोणगावच्या पानठेल्यावर "अमेरिका कुठं गेली बे?" असं कोणी विचारलं, तर हातातलं पान न थांबवता उत्तर मिळतं, "मेहकरले गेली. दुपारलोक येते."

अमेरिका म्हणजे रंगरावांची गाडी. चंदेरी, छोटी, डिझेलवर चालणारी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली तेव्हा कंपनी अमेरिकन होती, कारखाना तामिळनाडूत होता आणि इंजिन कुण्या तिसऱ्याच देशातल्या डोक्यातून निघालेलं होतं. पण रंगरावांच्या लेखी गाडी अमेरिकनच. पुढं कंपनीनं इथला गाशा गुंडाळला आणि ती आपल्या देशी निघून गेली. रंगराव मात्र कंपनीच्या वतीनं डोणगावातच राहिले.

बत्तीस वर्षं त्यांनी भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजल्या होत्या. दोन भावांच्या बांधात त्यांनी खुंटी ठोकली की ती ठोकली. मतांचंही तसंच. "अमेरिकेचं लोखंड," ते बॉनेटवर थाप मारून सांगत, "धोका नाही देत."

उन्हाळ्यात मात्र त्या लोखंडानं मेहकरच्या देवळापुढं चालू व्हायचं नाकारलं होतं. रंगरावांच्या पत्नी सत्यभामाबाई दोन तास उन्हात बसल्या आणि ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला, योगिनीला, फोनवर कळलं. दसऱ्यानंतर ती आठ दिवसांची सुट्टी घेऊन आली ती अट घेऊनच.

"बाबा, या आठ दिवसांत गाडी एकदा जरी बंद पडली, तर विकायची. आणि दुसरी घ्यायची नाही. या वयात एसटी बरी. अर्धं तिकीट आहे तुम्हाला."

"मंजूर," रंगराव म्हणाले. नामंजूर म्हणावं तर अमेरिकेवर शंका घेतल्यासारखं झालं असतं. पण अर्धं तिकीट हे शब्द त्यांना बोचले. स्वतःच्या मर्जीनं निघायचं आणि मर्जीनं वळायचं, एवढं एकच सुख निवृत्तीनंतर त्यांच्या नावावर शिल्लक होतं.

उन्हाळ्यातच रवी मिस्त्रीनं स्टार्टर नवा बसवून दिला होता. "काका, आता टकाटक. हजार खेपा बंद करा, हजार खेपा चालू होईन," असं तो म्हणाला होता. रंगरावांनी ते गावभर सांगितलं. स्वतः मात्र एकदाही करून पाहिलं नाही. घरी गाडी उतारावर लावायची, म्हणजे सकाळी नुसती सोडली तरी गडगडत चालू होते. आणि बाहेर गेलं की इंजिन बंदच करायचं नाही.

बँकेपुढं गाडी घुरघुरत उभी. भाजीबाजारात घुरघुरत उभी. योगिनीनं विचारलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "टर्बो आहे. एकदम बंद केली त खराब होते. पुस्तकात लिहिलं आहे."

पुस्तकात लिहिलं होतंच. लांबून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवा, असं. रंगरावांनी त्या दोन मिनिटांची मोजणी थोडी सढळ हातानं केली, एवढंच.

सातव्या दिवशी धाडहून सांगावा आला. सत्यभामाबाईंची धाकटी बहीण सिंधूताई आणि तिचे यजमान पंजाबराव यांच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण. रंगरावांनी खिशातली वही काढली. गाडीचा डिझेलचा काटा दोन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला. त्यामुळे ते किलोमीटरवर हिशेब ठेवत. टाकलं किती, गाडी चालली किती, लिटरला बावीस. वही सांगत होती, अजून अडीचशे किलोमीटरचं डिझेल आहे. जाऊन-येऊन भागून उरलं असतं.

मळ्यात पोचल्यावर गाडी कडुलिंबाखाली उभी राहिली आणि घुरघुरत राहिली.

"काऊन साडूभाऊ, बसाले नाही आले का?" पंजाबराव हसत म्हणाले. "का अमेरिका लगेच निघाची आहे?"

"टर्बो," रंगराव म्हणाले.

आता रोडगे ही काही घाईची गोष्ट नव्हे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे आणि गप्पा मारत बसायचं. रंगराव खाटेवर बसले, पण त्यांचा एक कान लिंबाखालीच होता. आवाज जरा बदलला की ते उठत. "पाणी पिऊन येतो." परत येऊन बसत. "मोबाइल राह्यला गाडीत." पुन्हा बसत. "वांगे पाहून येतो कसे आले त." वांग्यांच्या वाफ्याकडं जायची वाट लिंबाखालून जात नव्हती, तरी त्यांनी तशी काढली. सीमा आखणाऱ्या माणसाला वाट काय अवघड?

"भाऊजी, पोट बिघडलं का हो?" सिंधूताईंनी काळजीनं विचारलं.

"पोट नाही व, गाडी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पोट बिघडलं असतं त एका जागी बसले तरी असते."

पंगत बसली. रोडगा फुटला, तूप ओतलं, वरून वरण. रंगरावांचा पहिला घास तोंडाशी गेला आणि मळ्यात एकदम शांतता झाली. दूरच्या होल्याचं घुमणं ऐकू यायला लागलं. घास परत ताटात उतरला.

पंजाबराव हात पुसत आले आणि त्यांनी बडीशेपेच्या ताटलीत चावी ठेवून ती आदरानं पुढं केली. "तुमची गाडी चालूच राह्यली होती, साडूभाऊ. म्या केली बंद. फुकटचं डिझेल जळून राह्यलं होतं."

"लई उपकार झाले," रंगराव म्हणाले. त्या दिवशी पोटात गेलेल्या चार रोडग्यांपैकी एकाचीही चव त्यांना सांगता आली नसती.

निरोपाला सगळे गाडीभोवती जमले. सिंधूताईंनी वांग्यांची थैली आत ठेवली. मळा सपाट, उतार कुठंच नाही. योगिनी मागच्या सीटवरून टक लावून पाहत होती. रंगरावांनी मनातल्या मनात आधी कुलदैवताला, मग अमेरिकेला आणि सर्वात शेवटी रवी मिस्त्रीला आठवलं आणि चावी फिरवली.

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

रंगरावांना भरून आलं. धाडचा बाजार मागं पडला. आणि ते एकदम सुटले. "पाह्यलं का? म्या काय म्हणलं होतं? अमेरिकेचं लोखंड! उद्या तुही सुट्टी संपली, की विषय संपला."

चिखली चार किलोमीटर राहिली असताना अमेरिकेला उचकी लागली. एक, दोन, तीन. मग ती रस्त्याच्या कडेला अलगद जाऊन उभी राहिली. बाजूनं एक एसटी गेली, तिच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. अर्ध्या तिकिटाचा असावा.

"झालं," योगिनी म्हणाली. "बंद पडली. ठरल्याप्रमाणे विकायची."

रंगराव खाली वाकले, गाडीखाली डोकं घातलं आणि टाकीवर बोटांनी ठोकलं. टाकी रिकाम्या रांजणासारखी वाजली. त्यांनी वही काढली. किलोमीटर बरोबर होते, बेरीज बरोबर होती. मग त्यांना बँक आठवली, भाजीबाजार आठवला, लिंब आठवला. उभी गाडी किलोमीटर दाखवत नाही, डिझेल मात्र पिते. बत्तीस वर्षांत एकाही शेताच्या मोजणीत त्यांनी असा घोटाळा केला नव्हता.

गप्प राहिले असते तर दोष गाडीवर गेला असता आणि त्यांच्या हुशारीला धक्का लागला नसता. पण मग गाडी विकली गेली असती, तीही बदनाम होऊन. रंगराव धूळ झटकत उभे राहिले.

"गाडी बंद नाही पडली," ते म्हणाले. "डिझेल संपलं. ते म्या जाळलं. उभ्या उभ्या, सात दिवस."

"कशाला?"

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "चालू नाही झाली त, म्हणून."

"म्हणजे जगाला सांगायचं भरवशाची, आणि स्वतःचाच भरवसा नाही?"

रंगरावांनी वही मिटून खिशात टाकली. सत्यभामाबाई काचेतून म्हणाल्या, "पोरी, त्यायची सही झाली असं समज."

योगिनी खाली उतरली. मग म्हणाली, "गाडी राहू द्या. पण गाडी जिथं थांबेल तिथं इंजिन बंद, आणि चावी आईच्या हातात."

एका काळीपिवळी जीपवाल्यानं चिखलीहून पाच लिटरचा डबा आणून दिला. रवी मिस्त्रीनं फोनवरून फिल्टरजवळचा रबरी गोळा दाबायला लावून पाइपातली हवा काढवली, आणि तिसऱ्या खेपेला अमेरिका बोलू लागली.

मेहकरला हॉटेलापुढं चहासाठी थांबले. रंगरावांनी इंजिन बंद केलं. चावी सत्यभामाबाईंनी पर्समध्ये टाकून चेन ओढली.

चहा आला. रंगरावांनी तो उभ्यानंच घेतला, गाडीकडं तोंड करून, बशीतला अर्धा सांडवत.

"निघाचं का?" त्यांनी विचारलं.

"बसा जरा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मले आणखी एक चहा सांगा. आन् भजेही सांगा. ताजे काढाले लावा."

रंगरावांनी भजी सांगितली. भजी येईपर्यंत त्यांचा उजवा हात खिशात होता, आणि तिथं नसलेली चावी पुन्हा पुन्हा फिरवत होता.