उन्हात घातलेल्या साली

"दाणे जगानं खायचे, आन् साली माझ्या वाटणीला," महबूबभाई पुटपुटले. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही नावापुरती; त्यामुळे ऐकू आलंच. मग पेला ठेवल्याचा आवाज आणि पाठोपाठ ओकारी.

आजार यकृताचा. मोठ्या दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं होतं. का पाठवलं, हे त्यांची बायको सुगराबी कुणालाच विचारत नव्हती.

त्यांची लेक फिरदोस कॉलेजात डाळिंबाच्या टाकाऊ सालींवर संशोधन करते. मागं तिनं आम्हाला मोबाईलवर दाखवलं होतं, जांभळ्या द्रावणात सालीचा अर्क टाकला की रंग उतरून पिवळा होतो. शरीराला आतून गंजवणारं जे असतं त्याला हा अर्क असंच थोपवतो, म्हणाली. प्रयोगाच्या काचेच्या नळीत तरी, असंही म्हणाली. सुगराबीनं तेवढं सोडून बाकी सगळं ऐकलं.

तेव्हापासून ती सात रस्ता चौकातल्या ज्यूसवाल्यांकडून पोत्यानं साली आणायची, गच्चीवर वाळवायची, उकळायची. अर्क लागू पडावा म्हणून तिनं दुखण्याच्या गोळ्याही बंद केल्या. भिंतीपलीकडचं कण्हणं वाढत गेलं. मी खीर घेऊन जायची. आज तोंडावर जरा तजेला हाय की, असं ती म्हणायची आणि मी व्हय म्हणायची. माझ्या खिरीत साखर कमी पडायची, खोट्यात कधी नाही.

त्या दुपारी वाळवणाच्या मिरच्या आणायला गच्चीवर गेले, तर फिरदोस सालींपाशी उभी. तिच्या कॉलेजच्या साली एकदा माझ्याकडून उन्हात सरकल्या, तेव्हा हीच पोरगी माझ्याशी भांडली होती. उन्हानं त्यातलं सत्त्व जातं, सावलीतच वाळवायच्या असतात म्हणून. आता आईनं भर उन्हात पसरलेल्या साली ती मुकाट बघत होती.

"आईला सांगत का नाहीस?" मी विचारलं.

"सावलीत घातल्या तरी काय फरक पडणार आहे, मावशी?"

मी मिरच्या तिथंच ठेवल्या.

तेवढ्यात खालून महबूबभाईंचं ओरडणं आलं. धावत गेलो, तर ते गुडघे पोटाशी घेऊन पडलेले आणि सुगराबी पेला त्यांच्या ओठांना लावत होती. मी दारातच थबकले. फिरदोसनं पेला काढून घेतला. तूच दाखवलंस ना, आता बापालाच नको म्हणतेस व्हय, असं सुगराबी तिच्यावर तुटून पडली. फिरदोस खाली बसली आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले.

"ते नळीत होतं, अम्मी. अब्बा बरे होणार नाहीत. त्यांच्या गोळ्या दे."