टाकीतून आलेलं उत्तर

आई गेल्यापासून ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचे ते कामापुरतं, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. "पट्टा कुणीतरी तपासावा." "तपासलाय म्हणावं." एकाच घरात राहून, एकाच धंद्यात असून अबोला धरायचा म्हणजे सोपं काम नाही, पण दोघंही बापाच्या वळणावर गेलेली, आधी वाकणार कोण?

धंदा टाक्या साफ करण्याचा. भाऊ कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून आत उतरायचा, ताई टाकीच्या तोंडाशी बसून तो दोर सांभाळायची. बापानं घालून दिलेला एक नेम मात्र अबोल्यातही सुटला नव्हता. वरच्यानं म्हणायचं, "प्रभू, आमच्यावर दया कर," आणि आतल्यानं उत्तर द्यायचं, "दया कर." उत्तर येतंय तोवर माणूस शुद्धीवर आहे. बाप म्हणायचा, शिट्टी मारण्यापेक्षा देवाचं नाव घ्या, एका दगडात दोन पक्षी. ताईला त्यातला एकच पक्षी ठाऊक होता. रविवारी चर्चमध्ये हीच ओळ म्हणतानाही ती सवयीनं कान टवकारून उत्तराची वाट बघायची.

त्या दिवशी फळांच्या रसाच्या कारखान्यातली टाकी होती, तळाशी आंबलेला चोथा. असल्या टाकीत खाली चांगली हवा राहत नाही, म्हणून पंख्याची नळी तळापर्यंत सोडायची आणि मगच उतरायचं. नळी तळाला पोचल्याचं त्यानं बघितलं असेल असं ताईला वाटलं. तिनं बघितलं असेल असं त्याला. एरवी एका वाक्याचं काम, पण ते वाक्य आधी बोलणार कोण? पंखा वर घरघरत होता आणि नळी अंधारात शिडीच्या मध्यावरच अडकून पडली होती.

"प्रभू, आमच्यावर दया कर."

"दया कर."

खालून फावड्यानं खरवडल्याचा आवाज येत होता. ताईच्या डोळ्यांपुढं मात्र दवाखान्यातली खाट होती. आई दाराकडं डोळे लावून गेली, आणि हा पठ्ठ्या उगवला तो थेट दफनाला. कुठं होता, का आला नाही, अवाक्षर नाही. आतल्या आत धुमसून धुमसून आज तिचा बांध फुटला. म्हणायची होती प्रार्थना, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आई गेली तेव्हा तू कुठं होतास?"

थोड्या वेळानं खालून आलं, "दया कर."

ताई चमकली. माफी? आणि ह्यानं? आवाज पडलेला होता, रडवेला वाटत होता. तिच्या काळजात चर्र झालं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते अखेर कानावर पडलं होतं. पण एकदा ऐकून तिचं पोट भरेना.

"माझ्याकडं दया मागतोस? आईनं कुणाकडं मागायची होती?"

"दया कर."

"मोठ्यानं म्हण!"

"दया... कर."

आवाज मोठा झाला नाही, उलट बारीक झाला. सूर मात्र तोच. तेव्हा कुठं ताईच्या ध्यानात आलं, की फावडं कधीचं थांबलंय.

"नळी कुठाय?" तिनं विचारलं.

"दया... कर."

तो तिला उत्तर देतच नव्हता. वरून आवाज आला की खालून हे म्हणायचं, एवढंच जिभेला आठवत होतं; बाकी माणूस केव्हाच हरवला होता.

तिनं बॅटरी मारली. भाऊ गुडघ्यांवर बसलेला, कपाळ भिंतीला टेकलेलं. तिचा एक पाय शिडीवर गेलासुद्धा. पण बापानं हजारदा बजावलं होतं: आतला पडला तर वरच्यानं उतरायचं नाही, एकाचे दोन मुडदे होतात. तो पाय मागं घेण्याइतकं अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. नळीला झटका देऊन तिनं ती खाली सोडली, कारखान्याच्या वॉचमनला बोंब मारून बोलावलं आणि दोराच्या चाकाचं हँडल फिरवायला घेतलं.

दोर ताणला, आणि मध्येच अडकला. पट्टा शिडीच्या पायरीखाली गुंतला होता. म्हणजे मरत्या माणसाला आधी खाली सोडायचं. तिनं मन घट्ट करून हँडल उलटं फिरवलं, दोर हलवला, पुन्हा ओढला.

"प्रभू, आमच्यावर दया कर!"

खालून उत्तर आलं नाही. आयुष्यभर तिनं हे वाक्य भावाला ऐकू जावं म्हणून म्हटलं होतं. आज ते ज्याला म्हणायचं त्याला म्हटलं. आणि 'आमच्यावर' का, हेही तिला त्या हँडलवर कळलं. मरत होता भाऊ, पण त्याला विनवण्या करायला लावून सुखावलेली ती होती. तिला एकटीला वगळून कशी चालेल दया?

वॉचमन धावत आला. दोघांनी मिळून भावाला वर ओढलं, उघड्या फरशीवर आडवं केलं. ताईनं त्याचा जबडा उचलून धरला. छाती हलेना. मग एक घरघर, मग खोकला, आणि खोकल्यापाठोपाठ लांबलचक श्वास. वॉचमन फोन करायला पळाला.

बऱ्याच वेळानं भावानं डोळे उघडले. "तू काहीतरी विचारत होतीस," तो म्हणाला. "काय?"

काही नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"तू आत गुदमरत होतास आणि मी तुला जाब विचारत होते," ताई म्हणाली. "तू दया कर म्हणालास. मला वाटलं, माझ्याकडं मागतोयस. गोड लागलं ऐकायला. म्हणून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं."

भाऊ आभाळाकडं बघत राहिला. बोलेना. ताई वाट बघत बसली, आणि बसल्या बसल्या तिला उमगलं, की आईच्या दफनापासून हा रोज तिच्या अशाच गप्प चेहऱ्यासमोर जेवत आलाय.

"दवाखान्याच्या जिन्यात होतो," तो शेवटी म्हणाला. "खालच्या पायरीवर. आईला तसं बघायचा धीरच झाला नाही."

ताईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हाक मारायची होतीस रे," ती म्हणाली. "मी खाली आले असते."