पाठीवरचं नाव

फोन वाजला नव्हता, तरी इन-सुकने तो दहाव्यांदा उचलून पाहिला. फोन तिचा नव्हताच, तिच्या लेकीचा, दा-सोमचा होता. पोरगी समोरच्या इमारतीत किमचीचा, म्हणजे मुरवलेल्या तिखट भाजीचा, डबा पोचवायला गेली आणि फोन त्यांच्या किमचीच्या दुकानाच्या गल्ल्यावरच विसरली. विसरायला दिवस तरी कोणता निवडावा!

राजधानी सोलच्या एका नामवंत विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या प्रतीक्षायादीत दा-सोम आता पहिली होती. जागा रिकामी झालीच, तर आज संध्याकाळी सहाच्या आत फोन येणार. हो की नाही, ते तिथल्या तिथे सांगायचं. तीनदा फोन उचलला नाही, तर जागा खालच्या मुलाला. आणि 'हो' म्हटलं, की इथली, जोंजूच्या सरकारी विद्यापीठातली त्याच विषयाची पक्की जागा सोडायची.

मग घोर कसला, असं तुम्ही म्हणाल. मोठं नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं! पण पोरीला जोंजूच हवं होतं. दोन्हीकडे ती एकेक दिवस वर्गात बसून आली होती. "सोलला तीनशे जणांत मी शेवटच्या बाकावर होते, आई. इथल्या सरांनी माझा चुकलेला प्रोग्राम फळ्यावर घेतला आणि चूक मला सापडेपर्यंत थांबले," एवढंच ती सांगायची. इकडे इन-सुकने मात्र नववर्षाच्या सणाला, तांदळाच्या वड्यांच्या सूपाचे, तोकगुकचे, वाडगे भरता भरता, सगळ्या सासरला सांगून टाकलं होतं, की पोरगी सोलला निघाली! आता कोणत्या तोंडाने 'नाही' म्हणायचं?

"वहिनी, मुळा चिरताय की बोट?" नणंद मी-रान दुकानात शिरत म्हणाली.

"हसा, वन्सं! तुमचं काय जातंय? तुम्ही सोलला शिकलात. विद्यापीठाचं ते जाकीट घालून स्टेशनवर उतरलात, तेव्हा मामंजी गल्लीभर तांदळाच्या वड्या, तोक, वाटत फिरले होते."

मी-रानचं हसू मावळलं. स्टूल ओढून ती बसली.

"त्या जाकिटावर नाव कुठे होतं, आठवतं?"

"पाठीवर. केवढं मोठं!"

"म्हणजे मागून येणाऱ्यांना दिसायचं, मला नाही. माझ्या पुढ्यात होती नको असलेल्या विषयाची पुस्तकं. नाव मिळतंय म्हणून मिळेल तो विषय घेतला. चार वर्षं रोज सकाळी वर्गात जाणं जिवावर यायचं. पण सांगणार कुणाला? बाबा तोक वाटत होते ना!"

"अहो, पण दा-सोमला दोन्हीकडे विषय तोच आहे की."

"विषय तोच, पण ती वर्गात बसून आलीय, वहिनी. तुम्ही नुसतं नाव ऐकलंय."

इतक्यात फोन वाजला. इन-सुकने तो झटकन कानाला लावला.

"प्रवेश विभागातून बोलतोय. विद्यार्थिनी स्वतः बोलतेय का?"

मायलेकींचा आवाज इतका सारखा, की फोनवर घरचेही फसत. एक 'हो' म्हटलं की काम फत्ते! शब्द अगदी ओठांवर आला होता. मी-रान टक लावून पाहत होती.

"नाही! मी तिची आई," इन-सुक म्हणाली. "एक मिनिट थांबा, तिला देते!"

तिखटाने माखलेले हातमोजे तसेच, एप्रन तसाच, ती रस्ता ओलांडून धावत सुटली. दा-सोम जिना उतरत होती. धापा टाकत आईने फोन पुढे केला.

"सोलचा आहे. तुला हवं ते सांग. माझ्याकडे बघू नकोस."

दा-सोमने तरीही एकदा आईकडे पाहिलंच. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "आभारी आहे, पण मी जोंजूतच शिकणार आहे. जागा पुढच्याला द्या."

इन-सुकला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच वाईट वाटलं. पण सकाळपासून छातीवर बसलेला धोंडाही उतरला. आणि पोरगी तिच्या गळ्यात पडली, तेव्हा लेक किती घाबरलेली होती हेही आईला पहिल्यांदाच कळलं.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय, लेक कुठे निघाली?"

"कॉम्प्युटर शिकायला," इन-सुक म्हणाली आणि मुळा चिरू लागली.

मंडळी, आपणही पोरांना आधी 'कुठे?' हेच विचारतो आणि त्यांचे आईबाप उत्तराच्या धास्तीने रात्रंदिवस झुरतात. यापुढे 'काय शिकतेस?' असं विचारू या. नाव पाठीवर मिरवायचं असतं, शिकायचं मात्र पोरांना स्वतःला असतं. म्हणून निवडही त्यांचीच असू द्या!