फरशी ओली होती

रविवारची सकाळ होती आणि टकळी भाषण लिहीत बसली होती. टकळी हे तिचं घरातलं नाव. नवव्या महिन्यात बोलायला लागली आणि पुढे थांबलीच नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं. धाकटी तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाही, तिचं नाव मुकी पडलं. मुकी पुढे चारचौघींसारखी बोलायला लागली, पण नाव काही सुटलं नाही. आपल्या घरांमध्ये मुलींना चिकटलेल्या गोष्टी अशा सहज सुटत नाहीत.

टकळी एका रंगाच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होती. दोन वर्षांपूर्वी तिथली एक टाकी फुटली. तीन कामगार भाजले, कारखान्याच्या नावाला मात्र साधा चटकाही बसला नाही, आणि ती करामत टकळीची होती. पत्रकारांसमोर ती सव्वा मिनिट बोलली आणि पत्रकार चहा पिऊन घरी गेले. त्या सव्वा मिनिटावर तिला बढती मिळाली. आता या पेशात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसमोर बोलायला तिला बोलावलं होतं. विषय होता ‘स्वभाव, जुळवून घेणं आणि आपलं करिअर’.

‘स्वभाव ही एक सबब आहे,’ तिने पहिलं वाक्य लिहिलं. तिला ते आवडलं. ‘मी मुळात भांडखोर. पहिल्याच नोकरीत अपघाताच्या बातमीत जखमींची नावं लिहिली म्हणून साहेबांनी कागद फाडला. त्या दिवशी मी रडले आणि दुसऱ्या दिवशी शिकले.’ इथे ती थांबली, कारण दाराची बेल वाजली होती.

दारात मुकी उभी होती. एका हाताला सहा वर्षांची लेक, दुसऱ्या हातात बॅग. माहेरी आलेल्या मुलीचा चेहरा आपण नंतर बघतो, आधी बॅग बघतो. छोटी असेल तर ‘ये गं बाई, किती दिवसांनी!’ आणि मोठी असेल तर ‘काय गं, सगळं ठीक ना?’ आईने बॅग पाहिली. ती मोठी होती. मग आईने चेहरा पाहिला. डावा गाल कानापर्यंत काळानिळा पडला होता.

“आत ये आधी,” आई म्हणाली आणि शेजारच्या दाराकडे नजर टाकून तिने कडी लावली.

मुकी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. नात आजोबांकडे गेली नाही, मुकीच्या गुडघ्याला चिकटून उभी राहिली. आई मटार सोलत होती, ती पुन्हा मटारच सोलायला लागली. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“भाजीत मीठ जास्त झालं होतं,” मुकी म्हणाली. “म्हणजे, या वेळी मीठ होतं.”

“नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तक्रार करायची कुणाकडे?” आई शेंगांकडे बघत म्हणाली. “आम्ही काय कमी सोसलं?”

“आई, मी इथे राहू का?”

एवढंच ती मागायला आली होती. राहायला जागा. मुकीचं मागणं कधीच चार शब्दांच्या पुढे जात नसे. बाबा म्हणाले, “अगं, घरोघरी मातीच्या चुली. जावई रागीट आहेत, पण व्यसन नाही, बाहेरचं काही नाही.” आई म्हणाली, “एक बिनलग्नाची घरात, दुसरी परत आलेली. लोक आमच्या तोंडावर काही बोलणार नाहीत, पण जिन्यात बोलतील ना!” बिनलग्नाची दारातच उभी होती. तिच्या पगारावर घर चालत होतं, म्हणून तिला कुणी सहसा टोचत नसे. आज टोचलं, आणि ते तिला लागलंही.

मुकीची लग्नाआधीची खोली आता टकळीच्या कामाची खोली होती. तिथे टेबल होतं, संगणक होता, भाषण होतं. टकळीने मागे वळून खोलीकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. तिच्या मनात आलं, की पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची आहे, आणि या सगळ्याला आत्ता वेळ नाही.

“हे बघ मुके,” ती स्टूल ओढून बसली. “सहा महिने काढ. तोवर मी काहीतरी बघते. आत्ता गडबड केलीस तर तो आणखी चिडेल. लोकांच्या प्रश्नांनीच तो चिडतो ना?”

“शेजारीण विचारते. शाळेतल्या बाई विचारतात. मला खोटं बोलता येत नाही ताई, मी अडखळते. मग तो म्हणतो, तू मुद्दाम माझी बदनामी करतेस.”

“मग अडखळू नकोस. मी शिकवते.”

आणि तिने शिकवलं. मटाराच्या शेंगा बाजूला सारल्या, बहिणीला समोर बसवलं, अगदी कारखान्याच्या साहेबांना पत्रकारांपुढे न्यायच्या आधी बसवायची तसं. उत्तर छोटं. नजर समोर, खाली नाही. हसू हलकं. जे झालं ते थोडंसंच झालं असं सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी समोरच्यालाच प्रश्न विचारायचा, तोही त्याच्या काळजीचा. माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की तुझं विसरतो.

“चल. मी शेजारीण. अगंबाई, गालाला काय झालं?”

“मी... बाथरूममध्ये... घसरले.”

“का घसरलीस?”

मुकीच्या आधी तिची लेक म्हणाली, “फरशी ओली होती.”

टकळी हसली. “बघ, पोरगी हुशार आहे! फरशी ओली होती. परत सांग. आणि खाली बघू नकोस.”

तासाभरात मुकीला जमलं. “बाथरूममध्ये घसरले हो, फरशी ओली होती. थोडंसंच लागलंय. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे आता?” आईने टाळी वाजवली. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणाली आणि डोळे पुसले. त्या माउलीला खरोखरच वाटलं की मुलगी सुखरूप झाली. दुपारी बाबा मुकीला रिक्षात बसवून सासरी सोडून आले. जावयाने त्यांना सरबत दिलं. बॅग न उघडताच परत गेली होती.

आठवड्याने मुकीचा फोन आला. “ताई, जमलं. शेजारणीला खरं वाटलं.”

“शाब्बास!” टकळी म्हणाली. ती मीटिंगमध्ये होती.

“ताई, सहा महिन्यांतला एक आठवडा झाला.”

“हो गं, लक्षात आहे.” तिच्या लक्षात नव्हतं.

भाषण उत्तम झालं. सभागृहात दीडशे तरुण मुलंमुली होती. टकळीने स्वतःच्या चुका सांगितल्या, साहेबांनी कागद फाडल्याचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग ती म्हणाली, “जुळवून घेणं जन्मजात नसतं, ते शिकता येतं. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे. लहानपणी बोलतच नसे. एका तासात मी तिला अवघड प्रश्नाला उत्तर द्यायला शिकवलं. आज ती कुणालाही हसत तोंड देते.” टाळ्या पडल्या. मुकीच्या काळ्यानिळ्या गालावर पडलेल्या त्या टाळ्या होत्या, पण सभागृहात कुणाला माहीत असणार?

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. केस विस्कटलेले, वहीत बोट घातलेलं. “मॅडम, जुळवून कुठे घ्यायचं नाही, हे कसं ओळखायचं?”

टकळीने तिच्याकडे सरळ पाहिलं. हलकं हसली. “फार छान प्रश्न. ते अनुभवाने कळतं. तुम्ही कुठे काम करता?”

मुलीने ती कुठे काम करते ते सांगितलं आणि सांगता सांगता खाली बसली. संयोजकांनी पुष्पगुच्छ दिला. टकळी गाडीत बसली तेव्हा तिला फार बरं वाटत होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी जावयाने मुकीचं डोकं भिंतीवर आपटलं. कारण काय होतं? इस्त्री. शर्टाच्या कॉलरला सुरकुती राहिली होती. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे कारण फार क्षुल्लक वाटत असेल तर सांगते, मोठं कारण असतं तर ते चाललं असतं का?

तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला. सकाळचे दहा वाजले होते. डॉक्टर तरुण होता, समोर रांग होती. त्याने टेंगूळ पाहिलं आणि विचारलं, कसं लागलं, किती जोरात? मुकीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “बाथरूममध्ये घसरले. फरशी ओली होती. थोडंसंच लागलंय.” डॉक्टरने लिहिलं, रुग्ण शुद्धीवर, बोलणं स्पष्ट, घरी किरकोळ घसरल्याचं सांगते. गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. भिंतीवर आपटलं हे त्याला कळलं असतं तर त्याने डोक्याचा स्कॅन काढला असता, निदान दिवसभर ठेवून तरी घेतलं असतं. आत रक्त साठत होतं. मुकी घरी येऊन पडली आणि दुपारी चारला लेक शाळेतून आली तेव्हा ती उठली नाही.

चौथ्या दिवशी टकळी त्या दवाखान्यात गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. ड्रेसिंगच्या खोलीतल्या नर्सला मुकी आठवत होती.

“किती गोड होत्या हो तुमच्या बहीण. मी कपाळ पुसत होते, म्हटलं फारच लागलंय. तर हसून म्हणाल्या, थोडंसंच आहे. सिस्टर, तुम्ही जेवलात का?” नर्सने हातातली पट्टी गुंडाळायला घेतली. “अख्ख्या रात्रपाळीत मला कुणी विचारलं नव्हतं. मी आपली माझंच सांगत बसले, डबा राहिला, मुलगा आजारी आहे. त्या ऐकत होत्या.”

टकळी बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता. तो तिने वरपासून खालपर्यंत चार वेळा वाचला.

त्याच संध्याकाळी पोलीसबाई घरी आल्या. लग्नाला सात वर्षंही झाली नव्हती, मृत्यू अचानक, म्हणून माहेरचा जबाब घ्यायचा होता. त्यांच्याकडे छापील कागद होता आणि त्यावर उत्तरासाठी चार ओळी.

“तुमचा कुणावर संशय?” त्यांनी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला. आई म्हणाली, “संशय कसला हो. नशीब आमचं. आता पोरीचं बघायचंय, तिच्या बापाशी वैर धरून कसं चालेल?” बोलता बोलता ती उठली आणि तिने गॅलरीची खिडकी लावून घेतली.

मुकीची लेक आजीच्या मागे उभी होती. पोलीसबाईंनाही मुलं असावीत. त्या वाकल्या, आवाज मऊ करून म्हणाल्या, “बाळा, आईला काय झालं होतं?”

पोरीने मान वर केली. सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. हलकं हसली.

“आई बाथरूममध्ये घसरली. फरशी ओली होती. थोडंसंच लागलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही दमलात का? पाणी आणू?”

“अगं माझी शहाणी!” पोलीसबाई विरघळल्या. त्यांनी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं.

टकळीने पोरीकडे पाहिलं. कुणी शिकवलं हिला? त्या दिवशी ही आईच्या गुडघ्याशी उभी होती, आणि पुढे आरशासमोर आई रोज घोकत असेल तेव्हाही ही दारात उभी असणार. सहा वर्षांची पोर, आणि एक शब्द अडखळली नाही. उद्या हिच्या गालावर वळ उठेल, बापाचा नाहीतर पुढे नवऱ्याचा, तेव्हा हीसुद्धा असंच हसून समोरच्याला पाणी विचारेल. आणि सगळे म्हणतील, किती गुणाची!

“थांबा,” टकळी म्हणाली. “ते लिहू नका.”

“टकळे,” आई दबक्या आवाजात म्हणाली, “तू बोल, पण नीट बोल. तुला येतं नीट बोलता.”

“येतं ना. त्यामुळेच तर झालं सगळं.” ती पोलीसबाईंच्या समोर बसली. तिचा आवाज फाटत होता आणि नजर कुठे ठेवावी तिला कळत नव्हतं. “ती घसरली नाही. तो तिला मारायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. आम्हाला तिघांनाही माहीत होतं. ती मोठी बॅग घेऊन इथे राहायला आली होती आणि आम्ही तिला परत पाठवलं. आणि ते उत्तर, फरशीचं, ते मी शिकवलं. याच घरात. एक तास लागला.”

बाबांनी तोंड झाकून घेतलं. पोलीसबाईंनी पेन थांबवलं. “मॅडम, जरा थोडक्यात सांगा. इथे चारच ओळी आहेत.”

“थोडक्यात नाही सांगणार. कागद जोडा.”

“अगं, बाहेर ऐकू जाईल,” आई म्हणाली.

टकळी उठली. तिने आईने लावलेली खिडकी पुन्हा उघडली, दोन्ही दारं भिंतीला टेकवली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. टकळीने भाचीला जवळ ओढलं, मांडीवर बसवलं.

“मी आईला शिकवलं होतं तसं सांगायचं नाही हं तू,” ती म्हणाली. “तू पाहिलंस तेच सांगायचं. अडखळलीस तरी चालेल. रडलीस तरी चालेल.”

पोरीने मावशीचा दुपट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. मग खाली बघत, तुटक तुटक, म्हणाली, “बाबांनी... आईला... भिंतीवर...”

पोलीसबाईंनी पहिला कागद बाजूला ठेवला आणि पिशवीतून कोरे कागद काढले.