उभी चिमणी

कंपासपेटी उडाली आणि थेट पुढच्या बाकावरच्या मुलीच्या भुवईवर बसली. रक्त आलं. शिपाईमावशींनी त्या मुलीला कडेवर घेतलं, बाकीच्या पोरांना मैदानाकडे पिटाळलं, आणि वर्गात दोघीच उरल्या. एक, जिने पेटी फेकली ती. दुसऱ्या म्हणजे इयत्ता तिसरीच्या त्या वर्गाच्या बाई.

पेटी फेकणारीला शिक्षकखोलीत ठिणगी म्हणत. बाईंना ते नाव आवडत नसे, पण त्यांच्याही तोंडात तेच बसलं होतं. ठिणगी बाकाखाली अंगाचं मुटकुळं करून धुसफुसत होती. बाई गुडघे सांभाळत फरशीवर बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहिल्या. थोड्या वेळाने तिचं डोकं बाईंच्या मांडीवर आलं. बाकीच्या शिक्षकांनी या मुलीपुढे केव्हाच हात टेकले होते. "तुमच्या हाताला गुण आहे हो," असं कुणी म्हटलं की बाई "छे, काहीतरीच" म्हणत आणि घरी जाताना वाटभर ते वाक्य चघळत जात.

भुवईला टाके पडले. त्या मुलीचे आईवडील मोठ्या बाईंच्या खोलीत आले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी ठिणगीच्या आईला आणि बाईंना समोर बसवलं.

"आता आणखी एकदा काही फेकलं, तर माझा नाइलाज आहे. नाव काढून टाकावं लागेल."

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुवायची. हात सोलवटलेले, डोळे जागरणाने आत गेलेले. आधीच्या दोन शाळांनी मुलीला नारळ दिला होता. आता उरली होती ती लांबची, राहण्याची शाळा. तिथून मुलं फक्त सुट्टीत घरी येतात.

"बाई, आम्ही दोघीच आहोत हो घरात," आई खोलीबाहेर आल्यावर म्हणाली. "ती गेली तर मी कुणासाठी घरी जायचं?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या. "कुठे जात नाही ती." बोलून गेल्या आणि मग आपण काय कबूल केलं ते त्यांना कळलं.

शाळेने वर्तनाचा अभ्यास करणारी एक तरुण मुलगी बोलावली. ती येताजाता एकच विचारायची, आधी काय झालं आणि मग काय झालं, म्हणून शिक्षकखोलीने तिचं नाव लगेच आधीमग ताई ठेवलं. शिक्षकखोलीला दुसरं काम काय. ताई मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. कुणाला काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. बाईंना वाटलं, गणितामुळे होतं हे सांगायला ताई कशाला हव्यात. गणित आलं की पोरीचं बिनसतं, हे आंधळ्यालाही दिसेल.

"गणित नाही," ताई शाळा सुटल्यावर म्हणाल्या. "गणिताला तुम्ही फळ्याकडे वळता. वाचनाला तुम्ही बाकांमधून फिरता, तेव्हा ती शांत असते. तुमची पाठ फिरली की तिचा पाय हलायला लागतो."

"म्हणजे?"

"त्या दिवशी पेटी फेकली. मग काय झालं?"

"त्या मुलीला लागलं."

"ठिणगीचं काय झालं?"

बाई सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. जिला लागलं तिला मावशी मिळाल्या. जिने फेकलं तिला बाई मिळाल्या. अख्ख्या बाई, वर्ग रिकामा करून.

बाईंचा संताप झाला. "म्हणजे मी माया लावली हे चुकलं? दगडासारखं वागू तिच्याशी?"

"माया लावा की. पण फेकण्याच्या आधी लावा," ताई म्हणाल्या. "आत्ता तुम्हाला बोलवायचा तिला एकच रस्ता माहीत आहे. आपण दुसरा देऊ. तो मात्र दर वेळी चालला पाहिजे. फेकलं तर तिला सांभाळायचं, कुणाला लागू द्यायचं नाही, पण मांडी नाही आणि गप्पा नाहीत."

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. इतकी वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं, तोच हात पोरीला शाळेबाहेर ढकलत होता. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसरा रस्ता म्हणजे एक लाकडी चिमणी. बोटाएवढी, चपट्या बुडाची. एरवी ती बाकावर आडवी असायची. बाई हव्या असल्या की उभी करायची. चिमणी उभी दिसली की बाईंनी हातातलं टाकून जायचं, शेजारी बसायचं, दोन शब्द बोलायचे. इतकंच.

पहिल्या दिवशी ठिणगीने चिमणी उभी करून करून बाईंच्या नाकी नऊ आणले. आडवी, उभी, आडवी, उभी. बाई खडू खाली ठेवून ठेवून जात राहिल्या. पोरीला खरंच वाटत नव्हतं की एवढ्याशा लाकडाने माणूस येतं. दुसऱ्या दिवशी जरा कमी झालं. पुढे पुढे तर ती चिमणीवर बोट ठेवायची, विचार करायची आणि बोट काढून घ्यायची. एकदा चिमणी उभी करून बाई जवळ गेल्यावर म्हणाली, "काही नाही. आई आज पण उशिरा येणार आहे." बाई म्हणाल्या, "बरं." आणि ती पुन्हा गणिताला लागली. बाईंना हुंदका आवरेना, त्यांनी फळा पुसायचं निमित्त केलं.

वर्गात काही उडालं नाही. भुवईवाली मुलगी परत आली, तरीही उडालं नाही. बाई आईला फाटकापाशी म्हणाल्या, "जमतंय हो." आईने बाईंचा हात जो धरला तो सोडेचना.

आणि मग मोठ्या बाई स्वतः बघायला आल्या. गणिताचा तास होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि बाईंना जवळ बोलावलं.

"काय केलंत तरी काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मला त्या पालकांना काहीतरी ठोस सांगता आलं पाहिजे."

बाईंना हुरूप आला. पोरीची बाजू मांडायची हीच वेळ. त्या सांगायला लागल्या, आधी काय व्हायचं, मग काय व्हायचं, आता मुलगी कशी नीट मागते. सांगता सांगता त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. चिमणी उभी होती.

बाईंनी तिकडे तळहात दाखवला. थांब.

ठिणगी थांबली. चिमणी तिने बाकाच्या पुढच्या कडेला सरकवली, म्हणजे नीट दिसेल. मोठ्या बाई आणखी काही विचारत होत्या. बाई म्हणाल्या, "फार गुणी मुलगी आहे हो. हाक मारायची पद्धत कळली नव्हती, इतकंच." ठिणगीने चिमणी बाकावर टकटक आपटली. बाईंनी न बघता पुन्हा हात दाखवला. आता मोठ्या बाईंचा चेहरा निवळत होता, आता फक्त एवढं वाक्य पुरं झालं की झालं. ठिणगीचा पाय हलायला लागला होता. बाईंनी तोही पाहिला. पाहिला आणि बोलत राहिल्या.

पाण्याची काचेची बाटली दोघींच्या मधून गेली आणि चौकटीवर फुटली. मोठ्या बाईंच्या अंगावर पाणी उडालं. पोरं न सांगता उठली आणि दाराकडे निघाली.

"झालं?" मोठ्या बाई चेहरा पुसत म्हणाल्या. "उद्या आईला बोलवा."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. गेल्या तर पोरीला कळणार की बाटलीच खरी. न गेल्या तर कळणार की चिमणी खोटी. दोन्ही रस्ते त्यांनी स्वतःच बंद केले होते.

धक्क्याने चिमणी खाली पडली होती. ठिणगी बाकाखाली वाकली. बाईंना वाटलं, आता मुटकुळं करून तिथेच बसणार. पण ती चिमणी घेऊन वर आली. तिने ती दोन्ही हातांनी बाकावर उभी केली, हात मागे घेतले आणि बाईंकडे पाहिलं.

"बाई, इकडे या," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत चला, आत्ता."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मोठ्या बाईंना असं म्हणाल्या असतील. काचा चुकवत त्या बाकापाशी गेल्या आणि शेजारी बसल्या.

"काय गं?"

"काही नाही," ठिणगी म्हणाली. "सगळी गणितं बरोबर आली, ते सांगायचं होतं."

बाईंनी वही पाहिली. बरोबर होती. बाहेर मोठ्या बाई मावशींना आईचा फोन नंबर विचारत होत्या. उद्या आई धुलाईघरातून तशीच ओल्या हातांनी येईल आणि विचारेल, असं कसं झालं. तिला काय सांगायचं, ते बाईंना आत्ताच ठाऊक होतं. तुमच्या मुलीने नीट बोलावलं होतं. मी गेले नाही.